ई-नऊचा मुक्काम

“या घरात मेकॅनिकचं पाऊल पडणार नाही! निदान मी जिवंत असेपर्यंत तरी!”

पॉवरहाऊसनी स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून ही घोषणा केली, तेव्हा त्यांच्या हातात कोरा करकरीत स्क्रूड्रायव्हर होता आणि समोर भांडी धुण्याचं मशीन एका सुरात टीं टीं करत होतं. मशीनच्या कपाळावर लाल अक्षरांत ‘ई ९’ उमटलं होतं. बायकोने खरकट्या भांड्यांच्या ढिगाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि दोन्हींपैकी आधी काय आवरावं याचा विचार करत ती स्टुलावर बसली.

पॉवरहाऊस हे त्यांचं नाव नव्हे. वसाहतीने दिलेली पदवी. वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस म्हणजे विजेचा जाणकार, अशी वसाहतीची भाबडी समजूत. प्रत्यक्षात त्यांची उभी हयात खात्याच्या आवक-जावक विभागात, आलेल्या टपालावर शिक्के मारण्यात गेली होती. विजेशी त्यांचा थेट संबंध म्हणजे डोक्यावरचा पंखा. तोही शिपाई लावायचा. पण चालून आलेली पदवी कोण नाकारतं? लोक मिक्सर घेऊन यायचे. पॉवरहाऊस तो कानाशी धरून हलवायचे, गंभीर चेहरा करायचे आणि म्हणायचे, “आतून गेलाय.” हे निदान आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

मशीन लेकीने घेऊन दिलेलं. तिला दूरच्या शहरातल्या कारखान्यात नोकरी लागली. यंत्रांच्या आत बसणारे बोर्ड तपासायची नोकरी. जाताना म्हणाली, “आईने आता भांडी घासायची नाहीत.” आईने शब्द पाळला. म्हणजे सुरुवातीला ती भांडी आधी घासून, पुसून, मग मशीनमध्ये लावायची. परक्यासमोर खरकटं कसं ठेवायचं, असं तिचं म्हणणं! मशीन घरातलंच आहे हे पटायला तिला बराच काळ लागला.

“पुस्तिकेत बघा तरी,” बायको म्हणाली.

पुस्तिकेत ई-नऊसमोर लिहिलं होतं : कंट्रोल बोर्डाशी संपर्क होत नाही. अधिकृत मेकॅनिकला बोलवा.

“हे त्यांच्यासाठी, ज्यांना वीज कळत नाही,” पॉवरहाऊस म्हणाले.

“मग लेकीला फोन लावा.”

“आज काय रविवार आहे?”

इथे घरातली एक रीत सांगायला हवी. लेक रविवारी सकाळी फोन करायची. “बाबा, जेवण वेळेवर? गोळ्या घेता? फिरायला जाता? आईला द्या. आई, गुडघा कसाय? गोळ्या? बरं, ठेवते.” झालं! डॉक्टर राउंडला येतो तसा तिचा फोन यायचा, आणि पेशंट उठून बसेपर्यंत पुढच्या खाटेवर गेलेला असायचा. दोष तिचा नव्हता. ती कॉलेजात असताना मैत्रिणींशी तास तास बोलायची, तेव्हा पॉवरहाऊस शेजारी उभे राहून खाकरायचे आणि म्हणायचे, “फोन कामासाठी असतो!” उभ्या आयुष्यात लेकीने वडिलांचं एवढं एकच ऐकलं होतं.

पण ई-नऊ हे काम होतं. चांगलं भरभक्कम काम! फोन लागला, तोही व्हिडिओचा. पडद्यावर लेकीचा चेहरा आला. पॉवरहाऊसनी पायांत रबरी चपला, हातांत थंडीचे लोकरी मोजे आणि डोळ्यांवर चष्म्यावर चढवलेला दुसरा चष्मा अशी जय्यत तयारी केली होती. मागे बायको झाडूचा लाकडी दांडा उगारून उभी होती.

“आई, तो दांडा कशाला?”

“यांना शॉक बसला तर मारायला.”

“प्लग काढलाय ना?”

“काढलाय.”

“मग शॉक कसा बसेल?”

“तुझ्या बाबांचं काही सांगता येत नाही!”

लेक हसली. पॉवरहाऊसना ते हसू अगदी समोरून दिसलं. रविवारच्या फोनमध्ये हसू नसायचं.

“बाबा, ऐका. प्लग काढला म्हणून लगेच आत हात घालायचा नाही. बोर्डावर थोडी वीज साठून राहते. ती उतरेपर्यंत थांबायचं. पाण्याचा नळ बंद करा. हात कोरडे ठेवा. ते मोजे काढा आधी! आणि बोर्डाला हात लावायचा नाही, फक्त टॉर्च मारून बघायचं.”

“ते मला ठाऊकच आहे,” पॉवरहाऊस म्हणाले आणि मशीनपासून हळूच दोन पावलं मागे सरकले.

वीज उतरेपर्यंत थांबायचं होतं. आता थांबायचं म्हणजे करायचं काय? तिघं एकमेकांकडे बघत बसले. मग लेकीने सहज म्हणून सांगितलं की तिच्या वरिष्ठांनी मिशी काढली आणि ऑफिसात त्यांना कोणी ओळखेना, सुरक्षारक्षकाने ओळखपत्र मागितलं. मग आईने विचारलं, तुझा खिडकीचा पडदा एका बाजूने का लोंबतोय? कडी तुटली म्हणून. मग कडी कशी तुटली ते आलं. मग लेकीला अलीकडे वरण करता करता उगाच रडू आलं ते आलं. ते तिने कांद्यावर ढकललं. वरणात कांदा घालतच नाहीत, हे आईने बोलून दाखवलं नाही.

“उतरली असेल आता,” लेक म्हणाली.

“घाई नको,” पॉवरहाऊस म्हणाले. “सुरक्षितता महत्त्वाची!”

अखेर त्यांनी मशीनची खालची पट्टी काढली. टॉर्च बायकोकडे. आत एक पांढरी वायर बोर्डातल्या खाचेतून निसटून लोंबत होती, लेकीच्या खिडकीतल्या पडद्यासारखीच.

“हीच! टोकाला धरून खाचेत दाबा. टक् आवाज आला पाहिजे.”

टक्! पट्टी लागली, प्लग लागला, नळ सुरू झाला. ई-नऊ गायब! मशीन खळखळून कामाला लागलं. पॉवरहाऊसनी स्क्रूड्रायव्हर तलवारीसारखा उंच धरला.

“बघितलंस? मेकॅनिक कशाला हवा!”

“ग्रेट, बाबा! झालं ना? चला, ठेवते. रविवारी बोलू.”

आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत पॉवरहाऊसना स्वतःचा चेहरा दिसला, दोन चष्म्यांसकट. विजय इतका ओसाड असू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आंघोळीला गेली तशी पॉवरहाऊसनी मशीनचा प्लग काढला. नळ बंद केला. हात पुसले. वीज उतरेपर्यंत पेपर वाचला. मग पट्टी काढून पांढरी वायर उपटली. गुन्हा करतानाही त्यांनी सुरक्षिततेचे सगळे नियम पाळले होते!

“अगं, पुन्हा ई-नऊ!” त्यांनी संध्याकाळी फोनवर सांगितलं, एखादा पाहुणा पुन्हा आल्यासारखं.

“वायर निसटली का?”

“छे! वायर पक्की आहे.” फोन आत धरताना त्यांचा अंगठा नेमका ती निसटलेली वायर झाकून होता.

मग तपास सुरू झाला. पहिल्या दिवशी जाळी काढून धुतली. नंतर दाराची कडी. नंतर सांडपाण्याची नळी कुठे पिळलीय का ते. नंतर तळाच्या परातीत पाणी साचलंय का ते. रोज आधी प्लग काढायचा, रोज वीज उतरेपर्यंत थांबायचं. वीज उतरायला आता बराच वेळ लागू लागला. लेक घास खाता खाता बोलायची. केस कापल्याचं तिने दाखवलं. खिडकीतलं निवडुंग दाखवलं. “बाबा, तुम्ही बारीक झालात का हो?” असं एकदा तिने विचारलं, आणि त्या दिवशी पॉवरहाऊसनी रात्रीच्या जेवणात एक पोळी जास्त खाल्ली, मग विचार करून दुसऱ्या दिवशी एक कमी खाल्ली.

वसाहतीत बातमी पसरलीच. समोरच्या कॅशियरबाई कागदी ताटल्यांचा गठ्ठा घेऊन आल्या.

“वहिनी, किती दिवस हाताने घासणार? आणि घरात पॉवरहाऊस असताना!”

“आतून गेलंय,” पॉवरहाऊस गंभीरपणे म्हणाले.

“मग बदलून टाका की!”

“बघू,” बायको म्हणाली आणि गठ्ठा कपाटात ठेवून पुन्हा भांडी घासायला वळली. हे विचित्र होतं. एरवी चहाचा एक कप जास्त पडला तर ही बाई दोन दिवस ऐकवायची. आता पातेल्यांच्या उतरंडीपुढे उभी राहून गुणगुणत होती!

पण कोपरापर्यंत फेसात बुडालेले ते हात पॉवरहाऊसना रोज दिसत होते. लेकीने ज्यासाठी मशीन दिलं, तेच आपण मोडून ठेवलंय. एका दुपारी, बायको वामकुक्षीला गेल्यावर, त्यांनी मन घट्ट केलं. प्लग, पेपर, पट्टी, वायर. टक्! संपलं. आज फोन करून सांगायचं, की झालं दुरुस्त. मग पुन्हा रविवार.

त्यांनी जड हाताने बटण दाबलं.

टीं टीं टीं! लाल अक्षरांत : ‘ई ४’.

पॉवरहाऊसना दरदरून घाम फुटला. ई-नऊ आपला होता, घरचा होता. हा ई-चार कोण? आपण काही केलं नसताना मशीन बिघडतंय म्हणजे ते खरोखर बिघडलं! आयुष्यात प्रथमच त्यांच्यापुढे अस्सल बिघाड उभा होता, आणि तो कानाशी धरून हलवता येण्याजोगा नव्हता.

लेकीला कामाच्या वेळेत फोन गेला.

“कालपर्यंत ई-नऊ, आज ई-चार?” ती विचारात पडली. “कोड असे बदलतायत म्हणजे बोर्डच गेलाय, बाबा. आता काही उघडू नका. मी नवा बोर्ड मागवते. मेकॅनिक येऊन बसवेल.”

“मेकॅनिक?”

“हो. तुम्ही दोघं किती दिवस हा त्रास काढणार? रोज तो फोन, रोज ते टॉर्च मारणं. उद्यापासून सुटलात!”

सुटलो! पॉवरहाऊसनी पुस्तिका उघडली. ई-चार : पाणी येत नाही. नळ तपासा. ते ओट्याखाली वाकले. नळ घट्ट बंद होता. आपणच बंद करून विसरलो की काय... पण छे, सकाळी त्यांनी पाहिला तेव्हा तो उघडाच होता, आणि दुपारी वायर लावण्याआधी बंद करायला ते खाली वाकलेच नव्हते. गुन्ह्यात न चुकलेला नियम प्रायश्चित्तात चुकला होता! मग बंद केला कोणी?

मागे बायको उभी होती. वामकुक्षी झालेली दिसत नव्हती.

“मी केला,” ती म्हणाली.

“तू? का?”

“का म्हणजे? रोज फोन कोणाच्या हातात? तुमच्या! मला काय मिळतं? टॉर्च! तुम्ही दोघं बोलता आणि मला दिसतं मशीनचं बूड आणि तुमचा अंगठा. म्हटलं, वायर हा तुमचा विषय. पाणी माझा. पाण्याची तक्रार आली की फोन माझ्या हातात येईल.”

“म्हणजे वायर मी...”

“पहिल्याच दिवशी कळलं. पेपर वाचायला कोणी मशीनपुढे मांडी घालून बसतं का? मी काही बोलले? घासली ना मुकाट्याने भांडी?”

पॉवरहाऊस तिथेच फरशीवर बसले. बायकोही गुडघा सांभाळत शेजारी बसली. दोन सराईत गुन्हेगार एकमेकांना नकळत एकाच घरात हात मारत होते!

“आता तिला खरं सांगून टाका,” बायको म्हणाली. “म्हणावं, बोर्ड नको.”

“आणि का नको म्हणून विचारलं तर?”

“सांगायचं, आम्हाला करमत नाही.”

“तू सांग.”

“तुम्ही वडील आहात.”

“तू आई आहेस!”

बायकोने फोन हातात घेतला. पडद्यावर लेकीच्या नावापर्यंत बोट नेलं, आणि पदराने पडदा पुसून फोन खाली ठेवला. “तिला वाटेल आपल्याला काहीतरी झालंय. उगाच धावत येईल बिचारी.”

धावत येईल, या शब्दांवर दोघांचीही नजर पुन्हा फोनकडे गेली.

मेकॅनिक आला तो एक खोकं आणि घाई घेऊन. त्याने नळ उघडला, मशीन लावलं, मशीन सुरळीत खळखळलं. त्याने ते बंद केलं.

“काका, याला काही झालेलं नाही. बोर्ड चांगलाय. नवा मी परत नेतो, तसं ताईंना कळवतो.”

“ताईंना काय कळवणार?” पॉवरहाऊसचा आवाज चिरकला.

“हेच, की नळ बंद होता.”

“नाही!” दोघं एकदम ओरडली.

मेकॅनिक दचकला.

“बदला,” पॉवरहाऊस म्हणाले.

“पण चांगलाय!”

“असू दे चांगला. मी वीज खात्यातला माणूस आहे. मला आवाजावरून कळतं. आतून गेलाय!”

“काका, आजवर लोक माझ्याशी ‘बोर्ड बदलू नका’ म्हणून भांडलेत...”

“अरे बाबा, लेकीने हौसेने पाठवलाय,” बायको मध्ये पडली. “परत गेला तर तिला वाईट वाटेल. लाव तू. आणि तो नळाचा विषय काढू नकोस. चहा घेणार ना?”

चहाच्या दोन कपांवर त्या निरोगी बोर्डाचा बळी गेला. मेकॅनिकने नवा बसवला, पॉवरहाऊसच्या फोनमध्ये काहीतरी टिचकवलं आणि निघून गेला. तेवढ्यात लेकीचा फोन.

“बाबा, दिसलं मला! मशीन चालू झालेलं इथे दिसलं!”

“कुठे?”

“माझ्या फोनवर. नवा बोर्ड इंटरनेटला जोडलेला असतो. भांडी धुवून झाली, की मला निरोप येणार. काही बिघडलं, तर कोड थेट मला येणार. तुम्हाला आता कधी फोन करायला नको!”

“वा,” पॉवरहाऊस म्हणाले.

“छान झालं,” आई म्हणाली.

स्वतःच्या हट्टाने, मेकॅनिकशी भांडून, वर त्याला चहा पाजून त्यांनी हे घरात आणलं होतं!

मग पुन्हा रविवार सुरू झाले. जेवण, गोळ्या, गुडघा, ठेवते. फरक एवढाच, की आता ती मध्येच म्हणायची, “परवा भांडी लागली नाहीत का? बाहेर जेवलात?” मशीन तिला सगळं सांगत होतं. पॉवरहाऊस येता-जाता त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहायचे. घरात तिच्याशी रोज बोलणारं तेवढं एकच होतं, आणि त्याला तिची काडीची ओढ नव्हती. तिचे केस वाढले का, पडद्याला कडी लागली का, एका शब्दाने विचारत नव्हतं. गडबडगुंडा न करता, हुशार विद्यार्थ्यासारखं, रोज ‘काम पूर्ण’ म्हणून मोकळं होत होतं.

एका निवांत दुपारी बायको मशीनपाशी उभी दिसली.

“आत्ता कसली भांडी?”

“चमचे,” ती म्हणाली. आत दोन चमचे होते.

“दोनच?”

“बाकीचे सकाळीच धुतले गेले.”

पॉवरहाऊसनी दार लावलं. बटण तिने दाबलं. मशीन गरजलं, घुसळलं, थांबलं. निरोप गेला असणार. दोघं फोनकडे बघत बसले. फोन गप्प. पॉवरहाऊसनी तेच चमचे पुन्हा लावले. पुन्हा गरजणं, पुन्हा घुसळणं. त्या चमच्यांवरचं कारखान्याचं नाव पुसलं जायची वेळ आली! तिसऱ्यांदा मशीन थांबलं, आणि फोन वाजला.

“बाबा, आज पाहुणे आलेत का?”

“नाही गं.”

“मग सारखं मशीन कसं चाललंय?”

पॉवरहाऊसनी बायकोकडे पाहिलं, बायकोने चमच्यांकडे.

“होती थोडी भांडी.”

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. ती घरघर हळूहळू दूर गेली, कुठलंसं दार लागलं, आणि मग फक्त तिचा श्वास.

“बाबा, मशीन सांगतंय, पाणी जसं आत गेलं तसंच स्वच्छ बाहेर आलं म्हणून. तीनही वेळा.”

चहाडखोर! पॉवरहाऊसनी मशीनकडे पाहून दात-ओठ खाल्ले.

“बाबा? काय झालं? बोला ना.”

बोलायचं पुष्कळ होतं. पण फोन कामासाठी असतो, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. बायको कोपराने ढोसत होती. पॉवरहाऊस खाकरले.

“काही नाही गं. ते... मशीनमध्ये मीठ घालायचं असतं ना, ते कुठलं घालायचं, तेवढं विचारायचं होतं.”

पलीकडे एक खुर्ची सरकली. मग लेकीने नाक ओढल्याचा आवाज आला.

“मीठ होय,” ती म्हणाली. “हा फार मोठा विषय आहे, बाबा. लगेच नाही संपायचा. तुम्ही बसलाय का?”

“बसतो.”

“आईलाही बसवा.”

पॉवरहाऊस फरशीवर टेकले. बायकोने फोन त्यांच्या हातातून काढून दोघांच्या मधोमध ठेवला आणि त्यावर वाकून लेकीला आधीच बजावलं,

“अगदी सावकाश सांग हं. यांच्या डोक्यात लवकर शिरत नाही!”